एक धूर जास्त

लोक विचारतात, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता? मी सांगते, धूर मोजत होते. ऐकणाऱ्याला वाटतं, निवृत्तीनंतर बाईंचं जरा बिनसलंय. पण साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे मी मुळशी तालुक्यात खरोखरच धूर मोजत हिंडले आहे आणि त्यासाठी आमच्या संस्थेनं मला पगार, काळी छत्री आणि कॅनव्हासचे बूट दिले होते. बूट पहिल्याच पावसात गेले. छत्री अजून आहे.

माझा हुद्दा होता अन्वेषिका, म्हणजे दारोदार जाऊन माहिती गोळा करणारी. पुण्यातल्या समाजशास्त्राच्या एका संस्थेत आम्ही चौघं या कामावर होतो, त्यात मी एकटी बाई. आमचे सर मोठे विद्वान, परदेशात शिकून आलेले, आणि डोक्यात एकच प्रश्न घेऊन बसलेले: घरातलं माणूस आजारी पडलं की त्याचं कोण करतं? तेव्हा हा प्रश्न विचारणं म्हणजे शुद्ध खूळ समजलं जाई. माझे वडील म्हणाले, "हे विचारायला पगार देतात? आई करते. एवढं लिहून दे आणि घरी ये."

पण प्रश्नाला निकड होती. क्षयावर नव्या गोळ्या निघाल्या होत्या. तोवर क्षय झाला म्हणजे लांबच्या आरोग्यधामात खाट मिळायची वाट बघायची, आणि कितीतरी जण वाट बघता बघताच जायचे. आता डॉक्टर म्हणू लागले होते की रोगी घरीच ठेवा, वर्षभर रोज गोळ्या द्या, एक दिवस चुकवू नका, तो बरा होईल. गोळी कोणती हे डॉक्टरांना ठाऊक होतं. घरात ती रोज देणार कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते शोधणं आमच्याकडे आलं. तालुक्यातल्या एका दवाखान्याचे डॉक्टर सरांचे स्नेही होते. ठरलं असं, की आम्ही घरोघर जाऊन यादी करायची, यादीतल्या आजाऱ्याचं कार्ड बनवायचं, आणि कार्ड बघून डॉक्टरांनी गोळ्या द्यायच्या. गोळ्या मोजूनमापून आलेल्या असत. यादीत नाव नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर गोळ्या नाहीत. नियम आमचाच होता, आणि पुढं त्यानंच माझी झोप उडवली.

आता धुराचं. घरांची पाहणी करायची तर आधी कुटुंब म्हणजे काय ते ठरवावं लागतं. तुम्हाला वाटेल, यात काय ठरवायचंय? एका छपराखाली दोन भाऊ राहतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ते एक कुटुंब की दोन? सरांनी छापील सूचनांच्या तिसऱ्या पानावर व्याख्या देऊन टाकली होती. एका चुलीवर शिजलेलं अन्न निदान महिनाभर जे खातात, ते एक कुटुंब. चूल वेगळी की कुटुंब वेगळं. भिंती, जमीन, भाऊबंदकी, कशाकडेही बघायचं नाही.

म्हणून आम्ही सकाळी गावावरच्या टेकाडावर जाऊन उभं राहायचो. मावळातली घरं कौलारू, धूर कौलांतून झिरपत वर येतो. जितके धूर तितक्या चुली, आणि दर चुलीमागे एक नंबर आणि प्रश्नांचा एक छापील तक्ता. दिवसभर दारोदार हिंडून तक्ते भरायचे आणि परतताना त्यांचा आकडा सकाळच्या धुराशी ताडून बघायचा. दोन्ही आकडे जुळले की मला जो आनंद व्हायचा तो सांगून पटणार नाही. मी एकटीच टेकाडावरून उड्या मारत खाली आलेय. खालून गुराखी बघायचे आणि गावात जाऊन सांगायचे की मोजणीवालीला वारं लागलं.

मोजणीवाली बाई, हे माझं तिथलं नाव. ते प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. कोळवणच्या खोऱ्यात पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं मला काठी आडवी घालून थांबवलं. त्याचं मूळ गाव मुळशीच्या धरणात गेलेलं, तो लेकीकडे येऊन राहिला होता.

"मागं बी असंच मोजून गेलं," तो म्हणाला. "घरं, झाडं, ढोरं. आन मंग पानी आलं. तुमच्या मागनं काय येनार हाय?"

मी म्हटलं, "आजोबा, माझ्या मागून गोळ्या येणार आहेत. औषधाच्या."

"येऊ द्या. आल्याव बोलू," म्हणाला आणि काठी बाजूला घेतली.

उत्तरं काढणं हीसुद्धा एक कसरत होती. पुरुष घरी असला की तोच ओटीवर बसून सगळ्या घरादाराचं सांगणार. एक कारभारी मुंबईत डबे पोचवायचे, भात लावायला म्हणून गावी आलेले. मी विचारलं, गेल्या वर्षात घरात कोण आजारी होतं?

"कोन बी न्हाई. लिवा, समदी खुशाल."

आतून बांगड्या वाजल्या. "म्या पडले व्हते की. दोनदा."

"मला न्हाई कुनी कळवलं," कारभारी दाराकडे न बघता म्हणाले.

"तुमी ममईला व्हता."

"मंग माझ्या म्होरं पडली न्हाई नव्हं," ते मला म्हणाले. "नगा लिवू."

दुसरं उत्तर हमखास मिळायचं ते 'समदी'. आईच्या आजारपणात तिचं कोण करत होतं? समदी. तुम्ही? मी रानात. भाऊ? तो ममईला. मग कोण? समदी व्हती की. पहिले पंधरा दिवस मी इमानदारीनं 'सर्व कुटुंबीय' असं लिहीत गेले. मग गावच्या शाळामास्तरांच्या बायकोनं, जिच्याकडे मी उतरत असे, मला कानमंत्र दिला. "बाई, करतं कोन इचारू नगा. आजाऱ्याचं भांडं उचलून कोन टाकीत व्हतं, ते इचारा." मी तसं विचारू लागले. भांडं म्हटलं की 'समदी' पळून जात आणि एकच नाव उरे. सरांच्या मोठाल्या ग्रंथांत नव्हता असा प्रश्न चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं दिला, हे मी सरांना उड्या मारतच सांगितलं, आणि त्यांनी तो दुसऱ्या दिवशी छापून घेतला.

तर अशा थाटात पहिले काही महिने गेले. पुण्यात बसून आम्ही तक्त्यांचे गठ्ठे लावले. म्हातारे एका बाजूला, पोरं एका बाजूला, कर्ते पुरुष, सुना. तेव्हा यंत्रंबिंत्रं नव्हती. सतरंजी अंथरायची आणि ढीग घालायचे. ढीग घालता घालता सर एकदम ताठ बसले. म्हातारे आजारी होते, मुलं आजारी होती, पुरुष खोकत होते. नांदत्या तरुण सुनांचा ढीग जवळजवळ कोरा होता. मुळशीच्या सुना आजारीच पडत नव्हत्या.

सरांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. चढउताराची सवय, मोकळी हवा, चिखलातलं काम, त्यांनी तिथल्या तिथं कारणं सांगायला सुरुवात केली. मीही टिपून घेतलं. वाचकहो, यातली गंमत अशी की माझी सख्खी मोठी बहीण त्याच्या दोनच वर्षं आधी विषमज्वरातून उठून आमच्याकडे माहेरी पाच महिने पडून होती. तिला पेज मी पाजली होती. सून आजारी पडली की माहेरी धाडतात, हे मला माहीत नव्हतं? सरांना नव्हतं? त्यांची स्वतःची बायको त्याच महिन्यात आजारी पडून कुठं गेली होती? पण हातात तक्ता आला की माणूस स्वतःच्या घरात घडलेलं विसरतो, तसं आमचं झालं. गावातलं मूल सुद्धा हसलं असतं अशी चूक आम्ही सगळे शिकलेले मिळून करत होतो.

ती चूक माझ्यापुढे आली ती धुरातून.

ज्येष्ठातली सकाळ होती. खोऱ्याच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथले तक्ते पुरे करून मी ताळा घ्यायला टेकाडावर गेले, तर एक धूर जास्त. पुन्हा मोजले. जास्तच. शेवटच्या घराच्या मागे गोठा होता, त्याच्या गवती छपरातून बारीकसा धूर निघत होता. घर तानाबाईचं. विधवा बाई, पन्नाशीची, एक गाय आणि दोन खाचरं भात. तिचा तक्ता मी स्वतः भरला होता: कुटुंबातली माणसं एक, आजारी कोणी नाही.

मी खाली जाऊन विचारलं, गोठ्यात धूर कसला? "डासं लई झाल्याती. गाईला धुरी केलीया," तानाबाई म्हणाली. पटण्यासारखं होतं. मी परत फिरले, आणि आंब्याच्या झाडापर्यंत गेले असेन नसेन, वाऱ्याबरोबर वास आला. भात शिजल्याचा. डासांसाठी भात कोण शिजवतं? मी उलट पावली आले आणि बाईला न विचारता गोठ्यात शिरले.

गाईच्या पलीकडे कुडाचा आडोसा होता. तीन दगडांची चूल, त्यावर एक लहान पातेलं, आणि फुंकणी हातात घेऊन बसलेली एक मुलगी. वय बावीसच्या आसपास. गालांची हाडं वर आलेली, डोळे मोठे. तिनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावून खोकायला लागली. तो खोकला मी तोवर ओळखायला शिकले होते.

"माझी हिरा," मागून तानाबाई म्हणाली. "लेक. दिलेली हाय पल्याडच्या गावात. चार दिस आलीया."

"कधीपासून?"

हिरानंच उत्तर दिलं. "पाडव्यापासनं."

मी ओसरीवर येऊन पिशवीतले तक्ते उलटेपालटे केले. पल्याडचं गाव आधीच्या महिन्यात मीच केलं होतं. हिराच्या सासरचा तक्ता सापडला. माझंच वळणदार अक्षर: सून, नाव हिरा, प्रकृती उत्तम, तात्पुरती माहेरी. सासू म्हणाली होती, आमची सून धडधाकट हाय, आणि मी ते लिहून तिच्या हातचा चहा पिऊन आले होते. तानाबाईनं सांगितलं होतं, घरात मी एकटीच. दोघींपैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. सासरच्या मते ती घरात नव्हती, माहेरच्या मते ती घरातली नव्हती. आणि मुळशीच्या सगळ्या आजारी सुना याच फटीतून खाली पडल्या होत्या. खरं सांगते, मला आनंद झाला. असं काहीतरी हाती लागावं म्हणूनच तर माणूस या धंद्यात येतो. मागे एक मुलगी रक्त थुंकतेय आणि मी ओसरीवर हर्षभरित होऊन बसलेय, याची लाज मला पुष्कळ नंतर वाटली.

हिराच्या थुंकीची डबी मी स्वतः पौडच्या एस.टी.तून मांडीवर धरून नेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "लोनचं का?" मी हो म्हटलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, क्षय आहे, पण वेळेवर आलीय, आजपासून गोळ्या सुरू केल्या तर उठेल, पावसाळा असाच काढला तर सांगता येत नाही. "चूल नंबर काय?" त्यांनी कार्ड पुढं ओढून विचारलं. मी सांगितलं, नंबर नाही, ती कुठल्याच चुलीच्या यादीत नाही. "यादीत नाव आण, उभ्या उभ्या देतो," ते म्हणाले. भला माणूस होता, पण गोळीन् गोळीचा हिशेब त्यालाही वर द्यावा लागे.

मला वाटलं, यात काय मोठंसं. तानाबाईच्या तक्त्यात एक नाव वाढवायचं. मी तिथं जाऊन लेखणी काढली, तर तिनं माझा हात धरला.

"हितं नाव लिवायचं न्हाई, बाई."

"अहो, तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तिच्या जल्माचाबी हाय. हितं माझ्यात नाव लिवलं, तर तिकडं काय ऱ्हायलं तिचं? उद्या म्हनतील, सरकारात लिवून दिलंय, लेक माघारी घेतलीया. दुसरी करून आनतील. मंग बरी होऊन जाईल कुटं ती?"

मी हिराकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती, पण आईला अडवलं नाही. मग मी डोंगर चढून पल्याड गेले. सासू ओटीवर तांदूळ निवडत होती. क्षय हा शब्द मी उच्चारलाही नाही, नुसतं म्हटलं, सुनेला औषध मिळेल, तक्त्यात आजारी म्हणून लिहू का? तिनं सूप खाली ठेवलं. "माझ्या दोन पोरींची लग्नं व्हायाची हायेत," ती म्हणाली. "ह्या घराला त्या आजाराचं नाव लावू नगा. पाया पडते." आणि खरंच वाकली. मी मागे सरकले. रागवायचं ठरवून गेले होते, रागवणार कुणावर?

चार दिवस मी खोऱ्यात हेलपाटे घालत होते. पावसाला तोंड लागलं होतं. पाचव्या दिवशी पुन्हा गोठ्यात जाऊन बसले, करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. हिरा चुलीवर पेज ढवळत होती. मी नुसती बघत होते. तीन दगड. वेगळं पातेलं, वेगळा तांब्या, काठ चेमटलेली वेगळी थाळी. आजार आईला लागू नये म्हणून सगळं पहिल्या दिवसापासून निराळं ठेवलेलं. बघता बघता माझ्या डोक्यात तिसरं पान उघडलं.

"हिरा," मी म्हटलं, "आईच्या चुलीवरचं खातेस का तू?"

"न्हाई जी."

"कधीच नाही?"

"आल्यापासनं न्हाई."

"सणाला?"

"सनाला बी हितंच. बरं नसलं की आई येती न् ह्याच चुलीवर करती. तिकडचं हिकडं आनीत न्हाई."

मी अशी उभी राहिले की गोठ्याचा वासा डोक्यात बसला. टेंगूळ आठवडाभर होतं. "अगं, मग तू वेगळं कुटुंब आहेस," मी ओरडलेच. गाय बुजली. तानाबाई धावत आली. मी दोघींना समोर बसवून समजावलं: चूल वेगळी तर तक्ता वेगळा. हिराचं नाव आईच्या तक्त्यात नाही, सासूच्या तक्त्यात आजारी म्हणून नाही. तिचा स्वतःचा तक्ता. त्यावर कुटुंबप्रमुख: हिरा.

तानाबाईनं खात्री करून घेतली. "माझ्यात न्हाई नव्हं?"

"नाही."

"तिकडंबी लागनार न्हाई काई?"

"नाही."

"मंग लिवा की. बसलाया कशापायी?"

तो तक्ता भरताना आम्ही तिघी जितक्या हसलो तितकं मी कुठल्याच पाहणीत हसले नाही. जमीन? निरंक. गुरं? हिरा म्हणाली, "ही गाय माझ्याच घरात बांधलीया, लिवा माझ्या नावावर," आणि आईनं तिला चापट मारल्यासारखं केलं. घरातले निर्णय कोण घेतं, असा एक प्रश्न होता. हिरा विचारात पडली. "मीच," ती म्हणाली, आणि हसताना तिला खोकल्याची उबळ आली. आजाऱ्याचं भांडं कोण उचलतं? आई. पण आई तर आता दुसऱ्या कुटुंबातली. मी नियमानं लिहिलं: शेजारीण. कंसात लिहिलं: नातं, आई. शेवटी प्रमुखाची सही. हिरा दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. तिनं जीभ दातांत धरून, वेळ घेऊन, 'हिरा' एवढंच काढलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे पुढची जागा तशीच राहिली.

पुण्यात सरांनी तो तक्ता वाचला आणि चष्मा काढला. "एक सभासद, प्रमुख स्त्री, वय बावीस, पती हयात, मुक्काम गोठा. हे काय आहे?"

"सर, पान तीन. व्याख्या तुमचीच आहे. चूल पाडव्यापासून वेगळी पेटतेय."

ते भडकले. तात्पुरती सोय म्हणजे कुटुंब नव्हे, म्हणाले. मी म्हटलं, महिनाभराची अटही तुमचीच. मग ते उठून टेबलाभोवती फेऱ्या घालू लागले. तिसऱ्या फेरीला थांबून त्यांनी विचारलं, "असे धूर आणखी किती असतील?" मी म्हटलं, जितक्या धडधाकट सुना तितके. त्यांनी कपाटातून आपला सुनांच्या प्रकृतीवरचा मजकूर काढला आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः रेघ मारली. अशा वेळी रेघ मारणारी माणसं मी फार थोडी पाहिली. कार्डावर त्यांनीच सही केली, आणि दुसऱ्या दिवशी हिराच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग आम्ही सगळं खोरं नव्यानं पालथं घातलं. घरात कोण आजारी, असं आता विचारत नव्हतो. विचारत होतो, लेक आलीय का कुणी माहेरी? बायका उठून मागच्या पडवीकडे न्यायच्या. कुणाला क्षय, कुणाला बाळंतरोग, कुणाला नुसताच अशक्तपणा. काही चुली वेगळ्या होत्या, त्यांची कार्डं झाली. ज्यांच्या नव्हत्या त्यांच्यासाठी सरांनी नियमच बदलून घेतला. एका गावात मात्र आम्हाला उशीर झाला होता. पहिल्या फेरीत त्या घरच्या ओटीवर मी तक्ता भरत होते तेव्हा मागून खोकला ऐकू आला होता, आणि मी विचारलं तर घरधनी म्हणाले होते, पाव्हणी हाय. पाहुणी आमच्या तक्त्यात बसत नव्हती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिच्या आईनं दारातूनच सांगितलं की पोर गेली. नाव विचारायचं धैर्य मला झालं नाही. ते मी विचारायला हवं होतं.

हिराकडे पहिले काही महिने मी डोकावत राहिले. तानाबाईनं गोळीची वेळ गाईशी बांधून टाकली होती. पहाटे हिराच्या पोटात गोळी गेल्याशिवाय धार काढायची नाही. कधी उशीर झाला तर गायच हंबरून दोघींना उठवायची. डॉक्टर म्हणाले, इतकं बिनचूक घड्याळ माझ्याकडेही नाही. पुढं आमचं काम तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला सरकलं, डॉक्टरांची बदली झाली, आणि खबर येईनाशी झाली.

दीड वर्षानं फेरपाहणी निघाली. भाताची झोडणी चालू होती. मी मुद्दाम आदल्या दिवशी मुक्काम करून सकाळी त्या टेकाडावर गेले आणि मोजले. एक धूर कमी. पुन्हा मोजले. गोठ्यावरच्या छपरातून काहीच निघत नव्हतं.

खाली कशी आले ते आठवत नाही. तानाबाईच्या दाराला कडी होती. गोठ्यात गाय एकटी रवंथ करत उभी. कुडाच्या आडोशाला तीन दगड तीन बाजूंना पडलेले, आणि गार राखेत कोंबडी बसलेली. पिशवीतून हिराचा तक्ता काढला. चूल बंद झाली असेल तर कारण लिहायचं, त्यासाठी छापील रकान्यात दोनच पर्याय होते: एक, मृत्यू, दोन, स्थलांतर. लेखणी हातात घेतली आणि मला पहिला आकडा लिहवेना.

"मोजनीवाल्या बाई का?" बाहेरून आवाज आला.

तानाबाई दारात उभी होती. तिच्या मागे, डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली, गाल भरलेली एक बाई. भारा खाली टाकून ती हसली तेव्हा मला ओळख पटली. मी तिच्या गळ्यात पडून रडले, तिच्या अंगाला चिकटलेल्या पेंढ्यासकट. मोजणीच्या कामात असं करू नये.

"दिवाळीच्या अगूदर नव्या डाक्तरानं सांगितलं, आता येगळं ठिवू नगा," तानाबाई म्हणाली. "म्या त्याच दिशी दगडं मोडली. आता माझ्याच चुलीवर खाती. संक्रांत झाली की सासरची न्यायला येनार हायेत."

हिरा माझ्या हातातल्या तक्त्याकडे बघत होती. "माझाच न्हवं ह्यो? काय लिवताया त्यात?"

मी सांगितलं, तुझी चूल आता नाही, तर कुटुंब बंद झालं. बंद का झालं ते लिहायचंय. इथं दोनच कारणं आहेत: माणूस मेलं, नाहीतर गाव सोडून गेलं.

"दोनी खोटं हाय," हिरा म्हणाली. "बरी झाली, असं लिवा की. एवढ्या शिकलेल्या तुमी, तुमच्या कागदात बरं झाल्यालं मानूस कुटंच न्हाई?"

नव्हतं. इतकी डोकी लावून बनवलेल्या त्या तक्त्यात कुणी बरं होईल अशी जागाच आम्ही ठेवली नव्हती. मी दोन पर्यायांखाली हातानं तिसरी चौकट आखली, आकडा घातला आणि लिहिलं: बरी झाली. सरांनी नंतर तो पर्याय सगळ्या तक्त्यांवर छापून घेतला, पण पहिला हातानं लिहिलेलाच.

"आता आईच्या चुलीवर जेवतेस, तर अंगठा आईचा घेऊ?" मी विचारलं.

"आईचा कशाला? ह्या घरची मुख्य मी हाय," हिरा म्हणाली, आणि माझ्या हातून लेखणी घेतली. या वेळी तिला जीभ दातांत धरावी लागली नाही. सही अर्धी झाली असेल तोवर तानाबाई आत गेली होती, आणि तिथून हाक आली की तुम्हा दोघींची ताटं वाढलीत, भात निवतोय.